आधी हात, मग खरारा

माणसाच्या आयुष्यात काही विद्या फार उशिरा येतात. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनची धातुरूपे घोकली. प्रवचन कसे करावे, मृत्युशय्येवरील माणसाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हेही आम्हांला शिकवले गेले. परंतु दोन किलो वजनाच्या एका कुत्र्याच्या पिल्लाच्या पाठीवरून ब्रश कसा फिरवावा, हे मात्र वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, डोंबिवलीच्या पावसाळ्यात, अंगठ्याला दात लागल्यानंतरच आम्हांला कळले. वाचकांना हा विषय किरकोळ वाटेल. आम्हांलाही तो तसाच वाटला होता, आणि आमच्या हातून जी चूक झाली तिचे मूळ त्या वाटण्यातच होते.

ठाण्यात मासुंदा तलावापासून हाकेच्या अंतरावर आम्ही काही वर्षे सेवा केली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आमची बदली डोंबिवलीकडच्या एका धर्मग्रामात झाली. निरोपाच्या दिवशी शाली, श्रीफळे आणि तसबिरी स्वीकारून झाल्यावर एका आजींनी आमच्या हाती झाकणाची वेताची टोपली दिली. "फादर, तिकडे एकटे पडाल," एवढेच त्या म्हणाल्या. टोपलीत पिवळसर पांढऱ्या लोकरीचा एक गुंडा झोपला होता. आई स्पिट्झ जातीची, जिला आपल्याकडे सर्रास 'पामेरियन' म्हणतात. वडील कोण हे आजींना ठाऊक नव्हते, पण कानांच्या ठेवणीवरून ते त्याच गल्लीतील कोणी गावठी गृहस्थ असावेत. वय पाच आठवडे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाची विक्री करू नये, असा नियम केंद्र सरकारने 2017 साली केला आहे. ही विक्री नव्हती, मायेची भेट होती. परंतु त्या नियमामागील कारण भेटीलाही लागू पडते, हे ना आजींना ठाऊक होते ना आम्हांला.

कल्याण-शीळ रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत आमची मोटार दीड तास अडकली, तेवढ्या अवधीत ते पिल्लू आमच्या पांढऱ्या झग्यावर दोनदा झोपले आणि एकदा झगा धुण्याजोगा करून गेले. त्याच प्रवासात आम्ही त्याचे नाव ठरवले. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा घरचा कुत्राही मागोमाग चालू लागतो, आणि परतीच्या वाटेवरही तो बरोबर असतो. पवित्र शास्त्रात कुत्र्याचा उल्लेख बहुधा तुच्छतेने येतो. हा एक सोबती तेवढा निराळा. म्हणून आम्ही पिल्लाला 'तोबी' म्हटले. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी आठवड्याच्या आत त्याचा 'टोबी' केला आणि तो दोन्ही नावांना शेपूट हलवू लागला.

पहिले पंधरा दिवस आनंदात गेले. मग पाऊस आला. डोंबिवलीचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते, कपाटातील मिस्साच्या वस्त्रांना बुरशीचा वास येतो. अशा हवेत स्पिट्झच्या अंगावर दुहेरी केस घेऊन वावरायचे म्हणजे ओली गोधडी पांघरून हिंडण्यासारखेच. वरचे केस लांब आणि राठ, आत मऊ दाट लव. गळणारी लव बाहेर पडली नाही की वरच्या केसांत अडकते, ओल धरते आणि तिचे गुंते होतात. कानामागे, पुढच्या पायांच्या बगलेत, पोटाखाली आणि मांड्यांच्या मागे या गुंत्यांच्या जटा वळतात. प्रत्येक पावलागणिक जट कातडी ओढते, तिच्याखाली हवा पोहोचत नाही आणि कातडी लाल होऊन चिघळते. शिवाय गोचिडी आणि पिसवा यांना लपायला याहून बरी जागा नाही; गोचिडीपासून कुत्र्यांना जिवावर बेतणारा ताप येतो. म्हणजे ब्रश फिरवणे ही पिल्लाच्या शृंगाराची बाब नव्हती, आरोग्याची होती. येथपर्यंत आमचे चुकले नाही.

चुकले ते पुढे. जूनच्या तिसऱ्या शनिवारी तोबीच्या कानामागे सुपारीएवढी जट आमच्या हाताला लागली. कल्याणच्या बाजारातून आम्ही तारांचा एक ब्रश आणलाच होता. कार्यालयातील गुळगुळीत टेबलावर आम्ही पिल्लाला ठेवले, वेदीवर सेवा करणाऱ्या दोन मुलांना त्याचे पाय धरायला सांगितले आणि तिसऱ्याला डोके. तो तिसरा मुलगा दहा वर्षांचा होता. एरवी हाक मारण्याआधी धावून येणारा. त्या दिवशी मात्र त्याने हात पाठीमागे बांधले आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "मी नाही धरणार, फादर." आम्ही त्याला भित्रा म्हटले आणि डोके स्वतःच धरले. दुपारचा एक विवाह आटोपायचा होता, घाई होती. आम्ही जट तारांत पकडली आणि ओढली.

तोबीच्या तोंडून जो आवाज निघाला तो आम्ही त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. त्याचे पाय टेबलावर घसरत होते, मुले घाबरून अधिकच घट्ट धरीत होती आणि आम्ही, "झाले, झाले, आता संपले," असे म्हणत काम पुरे करण्याच्या मागे लागलो होतो. तेवढ्यात त्याचे सुईसारखे दुधाचे दात आमच्या अंगठ्यात रुतले. मुलांनी हात सोडले, पिल्लू उडी मारून पोलादी कपाटाखाली गेले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत बाहेर आले नाही. जट होती तेथेच राहिली.

अंगठा आम्ही वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतला आणि रुग्णालयात गेलो. पिल्लाचा दंश म्हणून दुर्लक्ष करू नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. रेबीज एकदा प्रकट झाला की त्यातून माणूस वाचत नाही, आणि पिल्लाला त्याची लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते, तोवर त्याचा भरवसा धरता येत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा सुया लिहून दिल्या आणि पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले. सुईची आम्हांला लहानपणापासून धास्ती आहे. झग्यामुळे ती उघड करता येत नाही इतकेच. परिचारिका तरुण होती. तिने आधी आमच्या दंडावर नुसता तळहात ठेवला. क्षणभर थांबली. "फादर, आता टोचते हं," म्हणाली, आणि आम्ही मान हलवल्यावरच टोचले. दुखले फारसे नाही. परतताना रिक्षात बसल्यावर आमच्या मनात आले, आपल्याला जे मिळाले ते आपण सकाळी त्या पिल्लाला दिले नव्हते. आपण त्याला विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. आधी तो ब्रश पाहून लपे, मग आमचा हात पाहून लपू लागला. ताटली ठेवायला हात पुढे केला तरी तो मागे सरे आणि हात दूर गेल्यावरच खाई. जुलैच्या आरंभी पहिल्या वर्गातील एका मुलीने त्याच्या कानाशी हात नेला तेव्हा तो गुरगुरला. चावला नाही, पण मुलगी रडली आणि रविवारी पाळकीय मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. बोलणाऱ्या गृहस्थांच्या मनात कटुता नव्हती. "फादर, इथं दोनशे मुलांचं येणंजाणं आहे. उद्या कोणाच्या तोंडाला लागलं तर?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. गणपतीच्या सुटीनंतर वर्ग पुन्हा भरतील तोवर पिल्लात सुधारणा झाली नाही, तर त्याला दुसरीकडे पाठवायचे असे ठरले. 'दुसरीकडे' म्हणजे कोठे, हे कोणी बोलले नाही. हातांना भिणारा कुत्रा कोण घेतो?

ठाण्यातील आमचे एक जुने स्नेही पशुवैद्य आहेत. 1886 साली स्थापन झालेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले, आता निवृत्त. आम्ही तोबीला टोपलीत घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी पिल्लाला टेबलावर घेतलेच नाही. जमिनीवर मांडी घालून, त्याच्याकडे पाठ करून ते बसले आणि आमच्याशीच बोलत राहिले. दहा मिनिटांनी तोबी त्यांची पायताणे हुंगत होता. वीस मिनिटांनी कानामागची जट त्यांच्या बोटांत होती आणि पिल्लाला त्याचे भान नव्हते.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला आणि 1965 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून हा काळ जगासमोर ठळकपणे आला. या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, हुंगते, ज्या हातांत खेळते, ते त्याच्या लेखी आपले होते. या काळात जे भय बसते तेही खोल बसते. आईची जीभ हा पिल्लाचा पहिला ब्रश; भावंडांच्या चाव्यांतून दातांचा जोर आवरणे हा पहिला धडा. पाचव्या आठवड्यात आईपासून दूर केलेल्या पिल्लाचे हे दोन्ही अर्धवट राहते. आठ आठवड्यांच्या नियमाचे कारण आम्हांला तेथे, त्या जमिनीवर बसून समजले.

"आणि गुरगुरल्यावर तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "दटावले." ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरगुरणं हा त्याचा सभ्यपणा आहे. तो सांगतोय, थांबा. ते सांगणं बंद केलंत तर भीती जाणार नाही, नुसती सूचना जाईल. न गुरगुरता चावणारा कुत्रा माणसंच घडवतात." त्याआधीही तो पुष्कळ काही सांगत असतो, असे ते म्हणाले. कारण नसता जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ करून गप्प उभे राहणे. शेवटचे आम्ही नेहमी 'आता शहाणा झाला' असे वाचत आलो होतो. भीतीने थिजलेल्याला शहाणा समजण्याची चूक केवळ कुत्र्यांच्याच बाबतीत होते असे नाही.

उपाय काय, तर तोही नवा नव्हता. सेमिनरीत मानसशास्त्राच्या तासाला रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे कुत्रे आणि त्यांची लाळ आम्ही परीक्षेपुरती शिकलो होतो. त्याच पाठाचा पुढचा भाग आमच्या स्मरणातून गेला होता. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची विलक्षण भीती. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ देत असता पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला. अखेर पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. कोणी त्याला 'भिऊ नकोस' असे सांगितले नव्हते. भिण्याचे कारणच हळूहळू काढून घेतले होते.

हे सर्व ज्ञान घेऊन आम्ही परतलो, तरी हाताला ते येईना. ते हातात आले एका तबेल्यात. कल्याणला आजाऱ्याच्या भेटीला गेलो असता पाऊस लागला म्हणून आम्ही शेजारच्या तबेल्याच्या पडवीत उभे राहिलो. एक वृद्ध चाचा नव्या आणलेल्या म्हशीला घासत होते. खरारा हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला होता: घोड्याच्या पागेत मोतद्दार रोज सकाळी घोड्याला खरारा करीत, वगैरे. येथे खराऱ्याच्या जागी नारळाचे सोडण होते. पण चाचा ते चालवीत नव्हते. डाव्या हाताने म्हशीची मान नुसती चोळत होते, सोडण उजव्या हातात तसेच. आम्ही कारण विचारले. "नवी आहे, फादर. आधी हात ओळखू दे. हात ओळखला की मग खरारा. घाई केली तर लाथ खायची तयारी ठेवा." किती दिवस लागतात, असे विचारले तर म्हणाले, "ते तिला ठाऊक."

त्या संध्याकाळपासून आम्ही आरंभ केला. टेबल वर्ज्य केले. मागच्या ओसरीवर गोणपाट अंथरले, कारण पाय घसरणे हे पिल्लाचे अर्धे भय असते. उकडलेल्या कोंबडीचे शेंगदाण्याएवढे तुकडे वाटीत घेतले आणि तारांचा ब्रश कपाटात टाकून मऊ केसांचा, लहान मुलांचा ब्रश आणला. पहिले तीन दिवस तो ब्रश गोणपाटाच्या कोपऱ्यावर नुसता पडून राहिला. तोबीने त्याच्याकडे पाहिले की एक तुकडा. हुंगले की दुसरा. आमचे हात आमच्या मांडीवर.

येथे आमच्याकडून आणखी एक चूक झाली, तीही नमूद करतो. चौथ्या दिवशी आम्ही आधी वाटी दाखवू लागलो आणि मग ब्रश हाती घेऊ लागलो. दोन दिवसांत तोबी वाटी पाहूनच पळू लागला. स्नेह्यांना दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, क्रम उलटा झाला. खाऊ आधी आला तर खाऊ हीच संकटाची घंटा. ब्रश आधी, खाऊ नंतर. मग ब्रश ही खाऊची घंटा होईल." सेमिनरीत ज्या घंटेवर आम्ही पानभर उत्तर लिहिले होते, ती घंटा कोणत्या हाताने वाजवायची हे पस्तीस वर्षांनी समजले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या आठवड्यात ब्रशची पाठ, लाकडी बाजू, त्याच्या खांद्याला क्षणभर टेकवली. खांद्यालाच, कारण डोक्यावरून येणारा हात पिल्लाला घारीसारखा दिसतो. टेकवणे, काढणे, तुकडा. मग एक फटकारा, केसांच्या दिशेने, वीतभर. मग दोन. नियम असा की, तो कंटाळण्याआधी आपण थांबायचे. पुरता एक मिनिटसुद्धा नाही. पण दिवसातून तीन वेळा. तो उठून गेला तर जाऊ द्यायचे. हाक मारायची नाही, टोपलीत घालून परत आणायचे नाही. हे आम्हांला सर्वांत जड गेले. धर्मगुरूला उठून जाणारा श्रोता सहन होत नाही. परंतु जाऊ दिले की तो परत येई, आणि दर वेळी लवकर येई. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी तो आला, गोणपाटावर बसला आणि त्याने आपली हनुवटी आमच्या गुडघ्यावर ठेवली. हनुवटी टेकलेली असेल तोवर ब्रश चालवायचा, उचलली की थांबायचे, असा करार आमच्यात आपोआप झाला. तो मोडण्याची आमची छाती झाली नाही.

जटा सोडवताना मात्र आमची आई आठवली. वसईच्या घरी ओटीवर बसून ती आमच्या बहिणीचे केस विंचरीत असे. गुंता कधी मुळापासून ओढायचा नाही. मुळाशी केसांची बट मुठीत घट्ट धरायची म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोहोचत नाही, आणि शेंड्याकडून, बोटभर बोटभर, वर यायचे. खोबरेल तेलाचे बोट लावायचे. बहीण गोष्ट ऐकता ऐकता पेंगत असे. तीच रीत कुत्र्याच्या कानामागे चालते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आणखी दोन गोष्टी: जट असताना अंघोळ घालू नये, पाण्याने ती नमदा होते, आणि कात्री शक्यतो लावू नये, जटेबरोबर कातडी उचलून येते. लावावीच लागली तर कातडी आणि जट यांच्यामध्ये आधी फणी सरकवावी.

मध्येच माघारही झाली. एका सायंकाळी रस्त्यावरून ढोलताशांचा सराव गेला आणि तोबी तीन दिवस ओसरीवर आला नाही. आम्ही ब्रश कोपऱ्यावर ठेवून एकटेच बसून राहिलो. तेव्हा गोणपाटाच्या कडेला येऊन बसला तो दाराशी उभा राहिलेला मुलगा. रोज धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर तो थोडा वेळ रेंगाळे. काही बोलत नसे. एकदा त्याने विचारले, "फादर, त्याला माहीत आहे का, आता ओढणार नाही म्हणून?" आम्ही म्हणालो, "हळूहळू कळेल." तो म्हणाला, "सांगून कळत नाही. रोज नाही ओढलं की कळतं."

त्याच आठवड्यात वर्ग सुटताना आम्ही नेहमीप्रमाणे मुलांना आशीर्वाद देत होतो. त्याची पाळी आली, आम्ही हात उचलला, आणि त्याने मान खाली घालून खांदे वर घेतले. क्षणभरच. पूर्वीही त्याने तसे केले होते. आम्ही त्याला खोडकरपणा समजून वर त्याच्या टाळूवर हलकीशी टपली मारली होती. या वेळी आम्हांला त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. गेले दोन महिने आम्ही एका पिल्लाच्या अंगावर ही लिपी वाचायला शिकत होतो. हात आम्ही हवेतच थांबवला, खाली घेतला आणि दुरूनच क्रुसाची खूण केली. आशीर्वादाला अंतराची अडचण नसते. पुढे त्याच्या घरी आम्ही गेलो, बोललो, मुलांच्या प्रश्नांत काम करणाऱ्या जाणत्या माणसांनाही सोबत घेतले. त्या घराची गोष्ट येथे सांगण्याची नाही आणि ती संपलेलीही नाही. एवढेच लिहितो की, जूनमधील त्या शनिवारी त्या कार्यालयात पिल्लाची बाजू घेणारा एकच मनुष्य होता, आणि त्याला आम्ही भित्रा म्हटले होते. आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने ती द्यावी की नाही हे त्याच्यावर सोडले आहे.

गणपतीनंतर वर्ग भरले. पाळकीय मंडळातील ते गृहस्थ पाहायला आले. तोबी गोणपाटावर आडवा होता, हनुवटी त्या मुलाच्या पायावर, आणि मुलगा मोठ्याने मोजत ब्रश फिरवीत होता: एक, दोन, तीन, थांब, खाऊ. रडलेली मुलगीही होती. तिला आम्ही शिकवले होते की, कुत्र्यापाशी जाऊ नये, त्याला आपल्यापाशी येऊ द्यावे. हाताची मूठ खाली ठेवून हुंगू द्यावी आणि मग खांद्यापाशी खाजवावे. मोठे कोणी जवळ नसताना मात्र मुलांनी त्याच्यापाशी जायचे नाही, ही अट मंडळाने घातली आणि ती रास्त आहे. गृहस्थांनी चहा घेतला, तोबीला पाठीशी खाजवले आणि विषय पुन्हा काढला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात गरीब लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला आहे आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटत आहेत. त्या ओळीवर आम्ही अनेकदा प्रवचन केले आणि प्रत्येक वेळी ती लाजराच्या दैन्याची परिसीमा म्हणून सांगितली. आता आम्हांला ती थोडी निराळी वाचावीशी वाटते. त्या दाराशी लाजराच्या अंगाला कोणी तरी मऊपणे स्पर्श केला, तो एवढाच. हा अर्थ आमच्या गुरुजनांना मान्य होईल असे नाही. पण आईच्या जिभेपासून दुरावलेल्या एका पिल्लाला पंधरा महिने विंचरल्यावर तो मनात येतो, त्याला आमचा इलाज नाही.

तोबी आता भरघोस झाला आहे. पाठ, मान, कान, पोट तो निर्धास्तपणे आमच्या हाती देतो. तारांचा ब्रशही आता चालतो, अगदी हलक्या हाताने. मागच्या पायांपाशी मात्र ब्रश गेला की अजूनही हनुवटी उचलली जाते. त्या दिवशी मुलांनी ते पाय धरले होते. आम्ही थांबतो. कधी तो हनुवटी परत टेकवतो, कधी उठून पावसाकडे पाहत ओसरीच्या पायरीवर बसतो. मग आम्ही ब्रशमधली लव काढतो, गोणपाट झटकतो आणि उरलेले काम उद्यावर टाकतो.